सामंत सरांचा हात आणि माझा डावा कान

माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. लग्नकार्यात कुणी विचारलं की मी "आजारपणात गेला" एवढंच सांगते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मी ड्युटीवर असताना तो एका पेशंटच्या हातानं गेला आणि त्यानंतर आजारपण आलं. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या सिस्टरांसाठी. वॉर्डात मार खाऊन घरी "दारावर आपटले" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी मला माहीत आहेत. मीही एकदा तसं सांगितलेलं आहे.

मी वैशाली. माहेर वसईकडच्या नंदाखाल गावाजवळ, केळीच्या वाडीतलं. सासर विरारला. लग्नाच्या आधीपासून मी इथल्या एका खासगी रुग्णालयात मेडिकल वॉर्ड सांभाळत होते.

सामंत सर निवृत्त मुख्याध्यापक. न्यूमोनिया म्हणून दाखल झाले आणि त्यात अंगातलं सोडियम उतरलं. सोडियम उतरलं की वयस्कर माणसाचं भान सुटतं. बायको परकी वाटते, सलाईनची नळी साप वाटते. आम्हाला हे रोजचं आहे. भानावर असताना सर प्रत्येक गोळीला "आभारी आहे" म्हणायचे. गोळी कडू असली तरी.

त्या दिवशी हँडओव्हर देतानाच आधीच्या सिस्टरनं सांगितलं, सर सुई उपटायला बघतायत, लक्ष ठेव. राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी म्हटलं, "सर, ह्यांच्याजवळ कुणीतरी सतत बसायला हवं. घरचं माणूस बोलवा, नाहीतर एक मावशी द्या."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

सरांच्या मुलाला फोन केला. त्याची मीटिंग होती, दुपारी येतो म्हणाला. मग रुग्णालयाच्या ऑफिसला फोन केला.

"आज माणसं कमी आहेत सिस्टर. ॲडजस्ट करा."

सबंध मजल्यावर मी आणि एक नवी मुलगी. वॉर्डातले मामा एकाला एक्स-रेला घेऊन खाली गेले होते. नाश्त्याचे ट्रे फिरत होते, नवी मुलगी दुसऱ्या टोकाला होती. मी वळून पाहिलं तर सरांनी एक पाय पलंगाच्या कठड्यावरून बाहेर टाकला होता आणि दुसरा उचलायच्या बेतात होते. उंच पलंग, खाली फरशी, आणि त्या वयातली हाडं.

मी समोरून गेले. नाव सांगितलं. शिकवलंय तसंच सगळं.

"सर, थांबा. मी वैशाली सिस्टर."

"घंटा झाली," सर म्हणाले. "मुलं वर्गात एकटी आहेत."

"जाऊ या. आधी पाय वर घ्या."

त्यांचा तोल गेला. मी एक हात काखेत घातला आणि दुसऱ्यानं मनगट धरलं. त्यांनी मोकळा हात फिरवला. उघडा पंजा माझ्या डाव्या कानावर पुरता बसला.

कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं. मग त्या बाजूचं जग कुणीतरी बंद केल्यासारखं. मी त्यांना सोडलं नाही. पलंगावर घेतलं, कठडा लावला, सुई जागेवर आहे ना पाहिलं, आणि मग भिंत धरून खाली बसले. फरशी फिरत होती.

मुलगा दुपारच्या आधीच आला. मी स्टुलावर कानात कापूस घालून बसले होते, उलटी आवरत. वडिलांच्या मनगटावरची निळी खूण बघून त्यानं विचारलं, "बाबांना बांधून ठेवलं होतं का?"

नव्या मुलीनं घडलं ते सांगितलं.

"शक्य नाही," तो म्हणाला. "त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं. वर्गात कधी छडी घेतली नाही. सिस्टरनंच काहीतरी केलं असणार."

हे मला उजव्या कानानं नीट ऐकू आलं.

*

संध्याकाळपर्यंत मला मान हलवता येईना. मान हलली की खोली गरकन फिरायची आणि पोटातलं सगळं वर यायचं. मला दोन मजले वर, फिमेल वॉर्डात दाखल केलं.

मी इतकी वर्षं ज्या पलंगाचे कठडे लावले, त्याच्या आत झोपल्यावर पहिल्यांदा कळलं की आतून तो पिंजरा दिसतो. लघवीच्या भांड्यासाठी हाक मारायची आणि वाट बघायची. मी किती बायकांना "आलेच हं" म्हणून मागे ठेवलं असेल. पण ज्या मुलीला मी हाक मारत होते तिच्याकडेही सगळा मजला होता, हे मला पलंगावरूनही दिसत होतं. ते दिसत नसतं तर बरं झालं असतं. चिडता तरी आलं असतं.

शेजारच्या पलंगावर अर्नाळ्याच्या बेबीबाय होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. आयुष्य मासळी वाळवण्यात गेलेलं, आवाज खणखणीत. मला कुठल्या बाजूनं ऐकू येतं हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. डॉक्टर असो, जेवणवाला असो, त्या पलंगावरूनच दटावायच्या, "त्या अंगानं नको बोलू. हिकडून ये. तिला तिकडचं आयकू येत नाय."

मला म्हणायच्या, "पानी पी थोडं. डोकं हलवू नको. समोर खिळा हाये ना भिंतीत, त्याच्याकडं बघत रहा."

चक्कर येणाऱ्याला काय सांगायचं हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या खिळ्यानं जास्त काम केलं. कुणाला असा त्रास सुरू झाला तर सांगते: एका स्थिर वस्तूवर नजर ठेवा, आणि "आता उठून दाखवा" म्हणणाऱ्या कुणाचंही लगेच ऐकू नका.

चक्कर थोडी उतरल्यावर कानाची तपासणी झाली. एक छोटी, आवाजबंद खोली. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. उजव्या कानाची तपासणी पटकन झाली. मग काचेपलीकडच्या मुलीनं खूण केली, आता डावा.

मी वाट बघत बसले. बरीच वाट बघितल्यावर हेडफोन सरकवून विचारलं, "सुरू केलंत का?"

ती खाली बघत म्हणाली, "केव्हाच केलंय, मॅडम."

आजाराचं निदान म्हणजे डॉक्टर समोर बसवून काहीतरी गंभीर सांगतात, असं लोकांना वाटतं. माझं निदान त्या मुलीच्या खाली गेलेल्या नजरेत झालं.

डॉक्टर नंतर म्हणाले, पडदा भरून येईल, पण आतल्या नसेला मार बसलाय. औषधं देऊन बघू. हे "बघू" मी डॉक्टरांच्या वतीनं इतक्या नातेवाइकांना सांगितलं आहे की त्याचा अर्थ मला विचारायची गरज नव्हती. औषधं घेतली. पडदा भरून आला. ऐकू आलं नाही. त्या जागी एक आवाज मात्र येऊन बसला, जुना फ्रिज बाजूच्या खोलीत चालू असावा तसा. तो अजून आहे.

*

घरी आल्यावर खरा आजार सुरू झाला.

भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायचं. सासूबाई हात धरायच्या. धरताना म्हणायच्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, शाळेत लाग. नर्सचं कामच तसलं." रोज म्हणायच्या. पण हात एकदाही सोडला नाही. मी ते बोलणं मनाला लावून घेणं हळूहळू सोडलं आणि हात तेवढा घेतला.

माझी मुलगी तनू कायम माझ्या डाव्या कुशीला बसायची, लहानपणापासूनची सवय. एकदा तिनं सासूबाईंना विचारलं, "आजी, आई माझ्याशी का बोलत नाही?" ती शाळेतलं काहीतरी कधीची सांगत होती आणि मी समोर बघत बसले होते. त्यानंतर ती उजवीकडे बसायला लागली. पण बसण्याआधी क्षणभर थांबते, कुठली बाजू ते आठवून. ते थांबणं मला अजून सहन होत नाही.

रस्ताही बदलला. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. आगाशी रोडवर मागून टेम्पोनं हॉर्न दिला आणि मी नेमकी त्याच्या पुढ्यात गेले. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "ओ ताई, बहिरी हाय का?" मी हो म्हटलं. तो ओशाळला. तोंडानं हो म्हणायची ती पहिली वेळ.

नीलेशशी, माझ्या नवऱ्याशी, मोठं भांडण झालं. तो वसई पूर्वेला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथं कुणाचं बोट कापलं तरी पंचनामा होतो. तो म्हणाला, "चल, पोलिसात तक्रार देऊ."

"कुणाविरुद्ध? त्यांना भान नव्हतं. आजारी माणूस आहे तो."

"मग हॉस्पिटलविरुद्ध. तू माणूस मागितलं होतंस ना? दिलं नाही ना?"

"मला तिथंच नोकरी करायचीय, नीलेश."

तो म्हणाला, "तुला सरांचं समजतं. त्यांच्या मुलाचं समजतं. ऑफिसात माणसं कमी आहेत तेही समजतं. ह्या घरात कुणी तुझी बाजू घ्यायला गेलं की तेवढंच तुला चालत नाही."

तक्रार केली नाही. तो बरोबर होता की मी, हे मी आजही ठरवू शकत नाही. पुढचे काही दिवस तो माझ्या डाव्या बाजूनं पुटपुटत घरात फिरायचा आणि मी उत्तर देत नाही म्हणून अजून चिडायचा.

*

कामावर परत गेले त्याच आठवड्यात मला मेट्रनच्या केबिनमध्ये बोलावलं. "रिफ्लेक्शन" साठी.

हा शब्द हल्ली नर्सिंगमध्ये फार चालतो. एखादा कठीण प्रसंग झाला की तो मनात पुन्हा चालवायचा: काय घडलं, काय वाटलं, काय बरोबर गेलं, पुढच्या वेळी वेगळं काय करता येईल. गोष्ट चांगली आहे. मी स्वतः शिकाऊ मुलींना ते करायला लावलं आहे, आणि त्यातून त्या सुधारलेल्या पाहिल्या आहेत.

आणि मी ते केलेलंही होतं. घरी पडून छताकडे बघताना दुसरं काम काय होतं? मी ती सकाळ इतक्या वेळा चालवली की सरांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा दिसायला लागलं. माझ्या हाती एक गोष्ट लागली होती. भान सुटलेल्या माणसाचं मनगट धरू नये. त्याला वाटतं आपल्याला पकडलं. त्याच्यापुढे तळहात धरावा, त्यानं आपला हात धरावा. हे मला माहीत होतं, तरी मी मनगट धरलं. पण तळहात पुढे धरून थांबायचं तर मागून सावरणारं दुसरं कुणीतरी लागतं. एकीनं बोलायचं, दुसरीनं सावरायचं. माझा सगळा विचार फिरून फिरून त्या दुसरीपाशी येऊन थांबायचा.

केबिनमध्ये मेट्रन होत्या आणि क्वालिटी विभागाच्या नव्या मॅडम, लॅपटॉप घेऊन. दोघी माझ्या डावीकडे.

"तुम्ही जरा ह्या बाजूला बसता का?" मी म्हटलं.

मेट्रननी खुर्ची हलवली. मॅडमच्या चार्जरची वायर पोचत नव्हती, म्हणून त्या तिथंच बसल्या. मी खुर्ची फिरवून घेतली.

"सिस्टर, दोष द्यायला आपण बसलेलो नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त शिकायचंय. तुम्ही वेगळं काय करू शकला असता?"

"दोघी असतो तर मनगट धरावं लागलं नसतं."

"ते सिस्टीमचं झालं. आपण तुमच्यापुरतं बोलू या."

"माझ्यापुरतं म्हणजे मी त्यांना पडू द्यायला हवं होतं."

"वैशाली, असं बोलू नये," मेट्रन म्हणाल्या.

"मॅडमनी विचारलं म्हणून सांगते. मी एकटी होते. एकटीला दोनच गोष्टी करता येतात. धरायचं नाहीतर सोडायचं. सोडलं असतं तर त्यांचा खुबा मोडला असता आणि आज तुम्ही मला विचारलं असतं, का सोडलं."

मॅडमनी काहीतरी टाइप केलं. मग म्हणाल्या, "तुमचा राग मी समजू शकते."

मेट्रन खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी स्वतः उमेदीची वर्षं वॉर्डात काढलेली आहेत. त्यांना सगळं कळत होतं. मला मॅडमचा राग आला नाही तेवढा त्या खिडकीचा आला.

त्यातून निघालं काय? "पेशंटशी संवाद" ह्या विषयावर एक ट्रेनिंग. बाहेरून आलेल्या बाईंनी सांगितलं की आवाज मऊ ठेवा, चेहऱ्यावर हसू ठेवा, पेशंटच्या डोळ्यांत बघून बोला. मी पहिल्या रांगेत बसले होते, ऐकू यावं म्हणून. त्यांना वाटलं मला फार रस आहे. वॉर्डावरची माणसं तेवढीच राहिली. ती नवी मुलगी लवकरच नोकरी सोडून गावी गेली.

मला वॉर्डातून काढलं. पेशंटची बेल, मशीनचा अलार्म कुठून वाजतोय ते मला कळणार नाही, हे कारण. कारण खरं होतं, म्हणून वाद घालता आला नाही. ओपीडीतल्या इंजेक्शन-ड्रेसिंगच्या खोलीत बसवलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. आता शिफ्ट नाही, आरामाचं काम, असं म्हणाले. वॉर्डात मी बऱ्यापैकी चांगली होते. ते कुणी म्हणालं नाही.

रेजिनाही म्हणाली नाही, पण तिनं एक केलं. रेजिना माझ्या माहेरच्या गावची, सर्जिकल वॉर्डची सिस्टर. ती डबा खायला रोज खाली माझ्या खोलीत यायला लागली. सांगून नाही, सहज आल्यासारखी. एकदा म्हणाली, "मला पण लाथ बसली होती गं. पोटात. दिवस गेलेले होते तेव्हा." एवढंच सांगून भाकरीचा तुकडा मोडला. आम्ही किती वर्षं एकत्र ड्युट्या केल्या होत्या आणि हे मला ठाऊक नव्हतं. आता इतर दोघी-तिघीही येतात. कुणी काही सांगितलं तर बाकीच्या खातात आणि ऐकतात. काय वेगळं करता आलं असतं, असं तिथं कुणी विचारत नाही.

*

मग एके दिवशी सामंत सर माझ्या खोलीत आले. न्यूमोनियाची लस घ्यायची होती. पांढरा सदरा, हातात काठी, चालणं ताठ. मागे मुलगा. त्यानं मला ओळखलं आणि लगेच मोबाईल बाहेर काढला.

सरांनी बाही वर केली. मी दंड पुसला, लस दिली.

"आभारी आहे," सर म्हणाले. मग माझ्याकडे निरखून बघत, "तुम्ही वॉर्डात होतात ना? चेहरा ओळखीचा वाटतो."

"हो, सर. होते."

"मला त्यातले काही दिवस आठवतच नाहीत. घरी विचारलं तर सगळे विषय बदलतात. मी काही वेडंवाकडं वागलो का हो?"

"बाबा, चला, डॉक्टर वाट बघतायत," मुलगा म्हणाला.

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. काही नाही सर, आजारपणात असं होतंच. हे मी आजवर असंख्य माणसांना सांगितलं आहे आणि तीही सुटका झाल्यासारखी हसली आहेत. त्या दिवशी ते तोंडातून निघेना.

"तुम्ही माझ्या कानावर मारलंत, सर," मी म्हटलं. "तुम्ही पलंगावरून पडत होता, मी तुम्हाला धरलं तेव्हा. तुम्ही शुद्धीत नव्हता, त्यात तुमची चूक नाही. पण ह्या कानानं मला आता ऐकू येत नाही."

"ह्याची आता गरज होती का?" मुलगा म्हणाला. "त्यांना बीपी आहे."

"त्यांनी विचारलं," मी म्हटलं.

सरांनी वर केलेली बाही सावकाश खाली घेतली. बाहेर पुढच्या पेशंटनं दार ढकलून आत डोकावलं आणि परत लावून घेतलं. मला भीती वाटायला लागली. ऑफिसात तक्रार जाईल, ही नोकरीही जाईल.

"तुमच्या मदतीला कुणी नव्हतं तेव्हा?" सरांनी विचारलं.

"नव्हतं."

"एवढ्या मोठ्या दवाखान्यात?"

"नव्हतं, सर."

त्यांनी मान वळवली. "आणि तू कुठे होतास?"

मुलगा मोबाईलकडे बघत राहिला.

सर काठीवर भार देऊन उठले. दाराकडे गेले, थांबले आणि परत माझ्या टेबलापाशी आले.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "न आठवणाऱ्या गोष्टीची क्षमा कशी मागायची, मला कळत नाही. पण हात माझा होता."

मुलानं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. तक्रार आली नाही. माझा कान आला नाही, वॉर्ड आला नाही, आणि रागही फारसा उतरलेला नाही. डॉक्टर, ऑफिस, मेट्रन, मॅडम, तो मुलगा, एवढी शुद्धीतली माणसं ह्या प्रकरणात होती. त्यात "माझा" हा शब्द उच्चारणारे सर तेवढे एकटे निघाले, आणि त्यांना तर काही आठवतही नव्हतं.